आकाशातील खुणा, वहीतील नोंदी
(विमाने ओळखण्याच्या छंदाचा इतिहास आणि आपला मुलूख)



ज्या शाळेत मी अक्षरे गिरवली, त्या शाळेने दिवंगत गुरुजनांच्या स्मृत्यर्थ चालविलेल्या व्याख्यानासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. मी विषय कळविला तेव्हा संयोजकांना थोडे नवल वाटले असावे. आयुष्यभर मराठीचे अध्यापन केलेल्या आणि महानुभावांच्या पोथ्यांत रमलेल्या माणसाने विमानांवर काय म्हणून बोलावे? विमाने बनविण्याच्या किंवा चालविण्याच्या शास्त्रावर बोलण्याचा मला अधिकार नाही, आणि तो मी सांगतही नाही. मला बोलावयाचे आहे ते आकाशातील विमान पाहून त्याची जात, नाव आणि क्रमांक ओळखणाऱ्या व त्याची नोंद करून ठेवणाऱ्या हौशी माणसांविषयी. विशेषतः जे विमान विरळा दिसते, ज्याची घडण चारचौघांहून वेगळी आहे, त्याच्या मागे ही मंडळी वर्षानुवर्षे असतात. वरवर पाहता हा पोरखेळ वाटतो. परंतु इतिहासाचे साधन म्हणून या छंदाचे मोल मोठे आहे, आणि आपल्यासारख्या नोंदी ठेवण्याचा कंटाळा असलेल्या समाजाला त्यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे, असे माझे मत आहे. तेच आज आपल्यापुढे मांडतो.

छंदाचा जन्म

राईट बंधूंचे पहिले उड्डाण १७ डिसेंबर १९०३ चे. त्यानंतर अवघ्या सहा वर्षांत, म्हणजे १९०९ मध्ये, इंग्लंडात फ्रेड टी. जेन यांनी जगातील विमानांचा वार्षिक कोश काढण्यास प्रारंभ केला. वस्तू जन्माला आली की तिच्या मागोमाग तिची सूची जन्माला येते, हे ग्रंथांच्या बाबतीत आपण जाणतोच.

पण ओळखण्याच्या कलेला खरी निकड आणली ती युद्धाने. इंग्लंडात १९२५ मध्ये ऑब्झर्व्हर कोअर नावाचे निरीक्षकांचे दल उभे राहिले. त्यात दुकानदार होते, शेतकरी होते, शिक्षक होते. टेकडीवरच्या चौकीत उभे राहायचे, येणारे विमान आपले की शत्रूचे हे ठरवायचे आणि दूरध्वनीवरून कळवायचे, हे त्यांचे काम. दुसऱ्या महायुद्धात या कामाला मोठा जोर आला. १९४१ च्या आरंभी 'द एरोप्लेन स्पॉटर' हे केवळ विमान-ओळखीला वाहिलेले नियतकालिक निघाले. विमानांच्या काळ्या छायाकृती पाहून नाव सांगण्याच्या स्पर्धा होऊ लागल्या आणि शाळकरी मुले त्यांत मोठ्यांना हरवू लागली.

त्याच वर्षीची एक घटना सांगण्याजोगी आहे. १० मे १९४१ च्या संध्याकाळी ईशान्य इंग्लंडातील निरीक्षकांनी समुद्रावरून आलेले एक विमान पाहिले आणि ते मेसरश्मिट ११० असल्याचे कळविले. वरच्या कचेरीत या वार्तेवर विश्वास बसेना, कारण त्या जातीच्या विमानाला एवढ्या दूर येऊन परत जाण्याइतके इंधन पुरणे शक्य नव्हते. विमान पुढे स्कॉटलंडात कोसळले. ते मेसरश्मिट ११० च होते, आणि हवाई छत्रीने खाली उतरलेला इसम होता हिटलरचा सहायक रुडॉल्फ हेस. त्याला परत जायचेच नव्हते! तर्क बिनचूक होता, पण तो चुकीच्या गृहीतावर उभा होता. चौकीवरच्या माणसाने मात्र जे दिसले तेवढेच सांगितले होते.

युद्ध संपले आणि ही शिकलेली नजर लाखो लोकांपाशी शिल्लक राहिली. शांततेच्या काळात तिचा छंद झाला.

ओळखायचे कसे?

विद्यार्थी मित्रांनो, या कलेची बाराखडी सोपी आहे. पंख, इंजिने, धड आणि शेपटी या चार गोष्टी याच क्रमाने पाहावयाच्या. पंख धडाच्या वरून निघतात की खालून? इंजिने किती, आणि ती पंखांवर आहेत की शेपटीजवळ? धड जाड की सडपातळ? शेपटीचे उभे पाते एक की अनेक?

आपल्या देशातलेच उदाहरण घेऊ. १९६० च्या दशकात इंडियन एअरलाइन्सकडे फॉकर फ्रेंडशिप आणि कानपूरला बांधलेली ॲव्हरो ७४८ अशी दोन्ही विमाने होती. दोहोंना दोन इंजिने, दोहोंना पुढे फिरणारे पंखे, आकारही जवळजवळ सारखा. अनभिज्ञाला दोन्ही एकच वाटत. पण फॉकरचे पंख धडाच्या वर, तर ॲव्हरोचे धडाच्या खाली. एवढी एक खूण कळली की पुन्हा घोटाळा होत नाही. जुन्या डाकोटाची खूण वेगळी. तिच्या पंखांची पुढची कड मागे झुकलेली आणि मागची कड जवळजवळ सरळ; जमिनीवर उभी असता शेपटी खाली टेकलेली आणि नाक आकाशाकडे.

जात ओळखली की दुसरी पायरी क्रमांकाची. प्रत्येक नागरी विमानावर नोंदणीची अक्षरे असतात. आपल्या देशाच्या विमानांवर 'व्हीटी' ही अक्षरे प्रथम येतात. त्यांचा अर्थ 'व्हाइसरॉयज टेरिटरी', म्हणजे व्हाइसरॉयचा मुलूख, असे अनेक जण ठासून सांगतात. भाषेचा अभ्यासक म्हणून मला यात लोकव्युत्पत्तीचा उत्तम नमुना दिसतो. वस्तुतः १९२७ च्या वॉशिंग्टन येथील परिषदेत निरनिराळ्या देशांना बिनतारी संदेशांसाठी अक्षरे वाटून दिली गेली. तेव्हा 'व्ही'ने आरंभ होणारे गट ब्रिटिश साम्राज्यातील देशांना मिळाले. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियालाही त्यांतलेच हिस्से आले. 'व्हीटी' हा त्या वाटपातील एक तुकडा. अर्थ मागाहून चिकटविला गेला. शब्दांच्या बाबतीत जे घडते तेच अक्षरांच्या बाबतीत घडले.

पोथी आणि विमान

येथे माझ्या विषयाचा धागा जुळतो. हस्तलिखिताचा अभ्यासक पोथी हाती आली की आधी शेवटचे पान उघडतो. तेथे पुष्पिका असते. पोथी कोणी लिहिली, कोठे लिहिली, कोणत्या शकात पुरी झाली, हे लेखनिकाने दोन ओळींत नोंदविलेले असते. या दोन ओळी नसतील तर पोथीचा काळ ठरविण्यासाठी अक्षराचे वळण, कागद, शाई, भाषेची रूपे यांच्या आधाराने चाचपडावे लागते. विमानाचा नोंदणी-क्रमांक ही त्याची पुष्पिका आणि त्याची घडण हे त्याच्या अक्षराचे वळण, असे मी म्हणेन.

महानुभाव परंपरेत म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास श्रीचक्रधरांच्या लीळा एकत्र केल्या. ज्यांनी त्या प्रत्यक्ष पाहिल्या किंवा ऐकल्या होत्या त्यांच्याकडे जाऊन, विचारून, पडताळून त्यांनी हे काम केले. कोणी सांगितले, कोठे घडले, याविषयीची त्यांची दक्षता आजही आदर्श आहे. वहीत 'अमुक दिवशी, अमुक ठिकाणी, अमुक क्रमांकाचे विमान' एवढीच ओळ लिहिणारा हौशी मनुष्य आपल्या परीने त्याच शिस्तीचे पालन करीत असतो. तो मत देत नाही, साक्ष देतो.

नागपूरचा रात्रीचा बाजार

आता आपल्या मुलखाकडे वळू. विमानाने टपाल नेण्याचा मान जगात प्रथम भारताकडे येतो. १८ फेब्रुवारी १९११ रोजी आंरी पेके या फ्रेंच वैमानिकाने अलाहाबादहून यमुनेपलीकडील नैनीपर्यंत सुमारे ६,५०० पत्रे नेली. पुढे १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा पस मॉथ जातीच्या छोट्या विमानातून कराचीहून टपाल घेऊन मुंबईच्या जुहू धावपट्टीवर उतरले. त्या विमानाचा क्रमांक व्हीटी-एडीएन होता, हे आज आपण निश्चयाने सांगू शकतो ते केवळ नोंद झाली म्हणून.

स्वातंत्र्यानंतर या इतिहासाचे केंद्र आपल्या अगदी जवळ आले. रफी अहमद किडवाई दळणवळण मंत्री असताना, जानेवारी १९४९ मध्ये, रात्रीच्या हवाई टपालाची योजना सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री एकेक विमान निघे आणि मध्यरात्रीच्या सुमारास चारही विमाने नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र येत. तेथे टपालाच्या पिशव्यांची आणि उतारूंची अदलाबदल होई व पहाटेपर्यंत विमाने आपापल्या गावी परतत. देशाच्या मध्यावर असण्याचा नागपूरला असा लाभ झाला. १ एप्रिल १९४९ पासून देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची पद्धत सुरू झाली, तीही या सेवेच्या बळावर. आरंभी हे काम खाजगी कंपन्यांकडे होते. १९५३ च्या राष्ट्रीयीकरणानंतर ते इंडियन एअरलाइन्सकडे आले आणि १९७३ पर्यंत चालले. विमाने प्रथम डाकोटा होती, पुढे चार इंजिनांची स्कायमास्टर आली. या सेवेने बळीही घेतले. डिसेंबर १९५३ मध्ये नागपूरहून उडालेले टपालाचे डाकोटा कोसळले, आणि त्यात कामगार पुढारी व खासदार हरिहरनाथ शास्त्री यांचा अंत झाला.

नकाशावर दिल्लीपासून नागपूरपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती आपल्या सौंसर भागाजवळून जाते. माझ्या बालपणी उन्हाळ्यात सावरगावची निम्मी वस्ती अंगणात बाजा टाकून झोपत असे. मध्यरात्री उत्तरेकडून घरघर ऐकू येई, दिवे लुकलुकत जात आणि कोणी वडीलधारे कुशीवर वळून म्हणत, "टपालाचं इमान गेलं." घरात घड्याळ नसलेल्यांचे ते घड्याळच होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण छिंदवाड्यासह मध्य प्रदेशात राहिलो. जमिनीवर सीमा पडली, वरचा आवाज तोच राहिला. आमच्या वर्गातील तिघा-चौघांनी एका गुरुजींच्या सांगण्यावरून वही केली होती. तारीख, घरघर ऐकू आल्याची वेळ, दिवे दिसले की नाही, आभाळ कसे होते, एवढेच तिच्यात लिहीत असू. काही महिन्यांनी आम्हाला आवाजातला फरक कळू लागला. दोन इंजिनांची घरघर वेगळी, चारांची वेगळी आणि जड. त्या वहीला पुढे वाळवी लागली. आज ती असती तर रात्रीच्या टपाल-विमानांचा वक्तशीरपणा एका खेड्याच्या साक्षीने पडताळता आला असता. सरकारी दप्तरात वेळापत्रक सापडते. विमान खरोखर केव्हा गेले हे खाली जागा असलेला माणूसच सांगू शकतो.

विरळा म्हणजे काय?

छांदिष्टांच्या भाषेत 'विरळा' या शब्दाचा अर्थ केवळ मोठे किंवा सुंदर असा नाही. काही विमाने जगातच एकुलती असतात. सहा इंजिनांचे ॲन्टोनोव्ह २२५ हे प्रचंड मालवाहू विमान एकच पुरे झाले. १९८८ मध्ये ते प्रथम उडाले, मे २०१६ मध्ये हैदराबादला येऊन गेले आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधील युद्धात नष्ट झाले. काही विमाने घडणीने विलक्षण असतात. देवमाशासारखे फुगीर कपाळ असलेले एअरबसचे बेलुगा नोव्हेंबर २०२२ मध्ये मुंबईला उतरले तेव्हा विमानतळावरच्या सामान्य उतारूंनीही माना वळविल्या.

तिसरा प्रकार मला अधिक महत्त्वाचा वाटतो. वस्तू इतरत्र सामान्य असते, पण या ठिकाणी, या काळी ती विरळा होते. याचे उत्तम उदाहरण नागपूरलाच घडले. १९९१ मध्ये एका खाजगी कंपनीचे बोईंग ७२० जातीचे विमान बिघाडामुळे सोनेगावला उतरले आणि पुन्हा उडालेच नाही. सुप्रसिद्ध बोईंग ७०७ चे हे धाकटे भावंड. सारी मिळून १५४ च बांधली गेली. एअर इंडियाने ७०७ वापरली, ७२० कधीच घेतली नाहीत. नागपूरकरांच्या लेखी धावपट्टीजवळ ऊन-पाऊस खात उभा असलेला तो एक सांगाडा होता. जगभरच्या हौशी मंडळींच्या वहीत मात्र त्याचा क्रमांक, व्हीटी-ईआरएस, जपून लिहिला गेला होता. ज्यांनी नागपूर कधी पाहिले नाही त्यांना नागपूर त्या विमानामुळे ठाऊक होते. २४ वर्षांनी, २०१५ मध्ये, ते तेथून हलविण्यात आले.

अशा नोंदींचा उपयोग काय, याचेही एक उदाहरण देतो. महायुद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी लिबरेटर जातीची अनेक बॉम्बफेकी विमाने कानपूरला मुद्दाम निकामी करून टाकून दिली. हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यांतील कित्येक दुरुस्त केली आणि आपल्या हवाई दलाने ती १९६८ पर्यंत वापरली. जगात इतरत्र लिबरेटर भंगारात गेली होती. त्यामुळे आपली विमाने निवृत्त होताच ब्रिटन, अमेरिका आणि कॅनडातील संग्रहालयांनी ती मागून नेली. पुण्याच्या सहाव्या तुकडीतील एचई-८०७ हे विमान मुळात रॉयल एअर फोर्सचे केएन-७५१ होते आणि ते आज ब्रिटनमधील त्या दलाच्या संग्रहालयात आहे. एका क्रमांकावरून दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचण्याची ही वाट, पाठभेद जुळवीत मूळ संहितेकडे जाणाऱ्या संपादकाच्या वाटेसारखीच आहे.

आपल्याकडेही असे एक विमान सुरक्षित राहिले आहे. गोव्यात दाबोळीजवळ १९९८ मध्ये उघडलेल्या नौदलाच्या विमान-संग्रहालयात तीन शेपट्यांचे सुपर कॉन्स्टेलेशन उभे आहे. ते प्रथम एअर इंडियाकडे होते, मग हवाई दलाकडे आणि शेवटी नौदलाकडे. वेरूळच्या नावाने ते एकेकाळी जगभर हिंडले. गोव्याच्या सहलीला जाल तेव्हा समुद्रासाठी दिलेल्या वेळातील एक तास त्याला द्या.

संशयाची छाया

या छंदाच्या वाटेत एक अडचण आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. विमानतळ आणि लष्करी तळ यांच्यावर नजर ठेवणारा मनुष्य हेर असेल, असा संशय कोणत्याही सरकारला येऊ शकतो. २००१ मध्ये ग्रीसमध्ये ब्रिटिश व डच छांदिष्टांना अटक झाली, हेरगिरीच्या आरोपावरून शिक्षाही झाल्या आणि २००२ च्या अखेरीस वरच्या न्यायालयाने त्या रद्द केल्या. २०१० मध्ये दिल्लीच्या विमानतळाजवळील हॉटेलात दोघा ब्रिटिशांवर असाच प्रसंग आला. आपल्याकडे १९३७ च्या विमान-नियमांपासूनच सरकारी विमानतळावर विनापरवानगी छायाचित्रे घेण्यास मनाई होती. देशाच्या सुरक्षेची काळजी योग्यच आहे आणि विद्यार्थ्यांनी कायदा कटाक्षाने पाळावा. पण या भयापोटी आपण स्वतःच्या नागरी विमानांचाही इतिहास लिहून ठेवला नाही, ही हानी नाकारता येत नाही. ज्या देशांनी हौशी लोकांना कुंपणाबाहेर उभे राहू दिले, त्यांच्या विमानांचे इतिहास आज अधिक पूर्ण आहेत.

नोंद नसली म्हणजे

नोंद नसली की तिची जागा रिकामी राहत नाही. तेथे आख्यायिका येऊन बसते. मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे (१८६४-१९१६) हे जिज्ञासू आणि उद्योगी गृहस्थ. त्यांनी १८९५ मध्ये, म्हणजे राईट बंधूंच्या आठ वर्षे आधी, चौपाटीवर विमान उडविले, असे आपण अभिमानाने ऐकत आलो. त्या उड्डाणाचे चित्र, मोजमाप, ते पाहणाऱ्याची त्याच दिवशीची टिपणी, यांपैकी काहीही अभ्यासकांपुढे आलेले नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'शी या कथेचा संबंध जोडला जातो, त्याची परीक्षा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली. ग्रंथाची भाषा आणि त्याची हकिकत तपासून तो १९०४ पूर्वीचा नसल्याचे त्यांनी दाखविले आणि त्यातील आकृत्यांबरहुकूम केलेले विमान उडू शकणार नाही, असाही निष्कर्ष काढला. तरीही जानेवारी २०१५ मध्ये मुंबईच्या विज्ञान काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेला.

माझ्या मनात तळपद्यांविषयी अनादर नाही. उलट, त्यांच्यावर अन्यायच झाला आहे असे मी मानतो. त्यांनी काय प्रयत्न केले, यंत्र किती उंच गेले की गेलेच नाही, हे कोणा एका प्रेक्षकाने तारीख घालून चार ओळींत लिहिले असते, तर त्यांच्या प्रयोगाला, तो यशस्वी असो वा अयशस्वी, इतिहासात हक्काची जागा मिळाली असती. आज ते श्रद्धा आणि उपहास यांच्या कात्रीत सापडले आहेत. साक्षीदार नसल्याची किंमत माणसाला मरणानंतरही अशी मोजावी लागते.

आजचे कर्तव्य

आज विमाने स्वतःच आपला ठावठिकाणा बिनतारी लहरींवरून सांगत असतात आणि आपल्या हातातील मोबाइलवर डोक्यावरच्या विमानाचे नाव, गाव, उंची क्षणात उमटते. मग ओळखण्याची कला हवी कशाला, असे कोणी विचारील. यंत्राने दिलेले नाव ही माहिती होय. डोळ्यांनी पाहून, खुणा जुळवून, शंका घेऊन मग नाव ठरविणे हा अभ्यास. शिवाय सगळीच विमाने आपले नाव सांगत नाहीत, आणि यंत्रातील नोंदी ज्यांच्या ताब्यात आहेत त्यांनी त्या पुढे जपाव्यात याचा आपल्याला काही भरवसा नाही.

२०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. आता या जिल्ह्याचा इतिहास कोणीतरी लिहील. त्याला साधने कोठून मिळणार? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीच्या गोटमारीच्या बातम्या त्याला वृत्तपत्रांत भरपूर सापडतील. पण जाम नदीला पाणी कधी आले, संत्र्याचा बहार कधी फुटला, कोणती गाडी बंद झाली, आकाशातून काय गेले, हे त्याला तुमच्या वह्यांतूनच कळावे लागेल. म्हणून मी मुख्याध्यापकांना विनंती करतो की शाळेत एक नोंदवही ठेवावी. तिच्यात विद्यार्थ्यांनी आळीपाळीने जे प्रत्यक्ष दिसले तेच लिहावे. तारीख, वेळ, स्थळ आणि आपले नाव घालावे. खात्री नसेल तेथे 'खात्री नाही' असे लिहावे. वही भरली की ती ग्रंथालयात, वाळवी लागणार नाही अशा कपाटात ठेवावी.

ज्या गुरुजनांचे आज आपण स्मरण करीत आहोत त्यांनी आम्हाला अक्षर वळणदार काढायला शिकविले, आणि लिहिलेल्या पानावर तारीख घालायलाही शिकविले. पहिली शिकवण मी पुरती पाळू शकलो नाही. माझे अक्षर ज्यांनी पाहिले आहे ते हसतील. दुसरीवर मात्र माझा सारा व्यवसाय उभा राहिला. ती तुमच्या हाती सोपवितो.